‘आधी ण लिहायला शिका’ : गटातली थट्टा, टोमणे आणि शुद्धलेखन

प्रश्न थोडक्यात असा आहे. गावच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा व्हॉट्सॲप गट आहे. दीडशेच्या वर माणसं, काही गावातच, बरीच पुण्या-मुंबईला, दोघं-तिघं परदेशात. थट्टामस्करी भरपूर चालते. गटातले एक निवृत्त सर सगळ्यांचं शुद्धलेखन सुधारत असतात. मागच्या महिन्यात गावात ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या एका सभासदानं विचारलं, ‘शाळेच्या छपराच्या वर्गनीचा हिशोब कधी मिळनार?’ त्यावर सरांनी लिहिलं, ‘आधी ण लिहायला शिका, मग हिशेब मागा.’ वीस-पंचवीस जणांनी हसण्याची चिन्हं टाकली. दोन दिवसांनी तो माणूस गट सोडून गेला. प्रश्न विचारणारे ॲडमिन आहेत. त्यांना हे जाणून घ्यायचंय की शुद्धलेखन सुधारणं चूक आहे का, थट्टा कुठं संपते आणि अपमान कुठं सुरू होतो, आणि आपल्याच गुरूंना बोलायचं तर कसं.

सगळ्यात आधी छपराचा हिशेब गटात टाका. आजच टाका. तुम्ही मला शुद्धलेखनाबद्दल विचारलंत, थट्टेबद्दल विचारलंत, सरांच्या मानाबद्दलही विचारलंत. पण त्या माणसानं जे विचारलं होतं त्याचं उत्तर मिळालं की नाही, ते तुमच्या पत्रात कुठंच नाही. म्हणजे तो टोमणा पुरेपूर लागू पडला. वर्गणी दिलेल्या माणसाचा साधा, रास्त प्रश्न होता. एका अक्षरावरून तो बाजूला सारला गेला आणि महिनाभर सगळे त्या अक्षराबद्दलच बोलत राहिले. वादात शुद्धलेखन काढलं जातं ते बहुतेक वेळा याच कामासाठी.

मी मुद्रितशोधनाचं काम करतो. हयात प्रुफं वाचण्यात गेली आणि दोन मोठे गट सांभाळण्याचाही अनुभव आहे, म्हणून या दोन्ही बाजूंनी लिहितो. आमच्या कामाचे काही रिवाज आहेत. चूक दिसली की ओळीत खूण करायची आणि दुरुस्ती बाजूच्या समासात लिहायची. ती लेखकासाठी आणि संपादकासाठी असते, वाचकाला तिचा पत्ताही लागत नाही. शंका असेल तर समासात प्रश्नचिन्ह काढायचं आणि निर्णय लेखकावर सोडायचा. गोष्टीतलं पात्र बोलत असेल तर त्याच्या बोलीला हात लावायचा नाही. आणि सगळं काम छपाईआधी. पुस्तक बाजारात गेल्यावर लेखकाला चारचौघांत ‘पान ९२ वर तुमची वेलांटी चुकली’ असं सांगणारा मुद्रितशोधक मी तरी पाहिलेला नाही. दुरुस्ती मजकुराच्या भल्यासाठी असते, आणि ज्या वेळी, ज्या ठिकाणी मजकुराचं भलं होऊ शकतं तिथंच तिला अर्थ असतो. सरांच्या त्या वाक्यानं कुठला मजकूर सुधारला? ‘वर्गनी’ची ‘वर्गणी’ झाली नाही, हिशेबही आला नाही. एक माणूस तेवढा कमी झाला.

ही खोड नवी नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली निबंधमाला सुरू केली. मराठी गद्याला त्यांनी धार दिली, त्यांचा मोठेपणा मला मान्य आहे. त्याच निबंधमालेत त्यांनी जोतीराव फुल्यांच्या लेखनाचा समाचार घेतला आणि फुल्यांच्या भाषेची, व्याकरणाची यथेच्छ टर उडवली. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढणारा, शेतकऱ्याच्या कर्जावर आणि जातीच्या जाचावर लिहिणारा माणूस काय म्हणतोय, याचं उत्तर त्या टवाळीत नव्हतं. आज फुले वाचणारा वाचक त्यांचे मुद्दे वाचतो, त्यांच्या व्याकरणावर अडत नाही. चिपळूणकरांची ती टीका मात्र आता मराठीतल्या उच्चवर्णीय अहंकाराचा नमुना म्हणून सांगितली जाते. व्याकरणाचा दंडा इतक्या समर्थ लेखकाच्या हातातही शोभला नाही. तुमच्या सरांनी या प्रसंगाबद्दल नक्की वाचलेलं असेल. त्यांच्याशी बोलताना तो काढायला हरकत नाही, मात्र एकट्यात.

आता शुद्धलेखनाबद्दल. मला ते मनापासून प्रिय आहे आणि ते टिकावं म्हणून मी आयुष्यभर राबलोय. पण ज्याला आपण शुद्ध म्हणतो ते आकाशातून पडलेलं नाही. मराठी साहित्य महामंडळानं १९६२ साली लेखनाचे १४ नियम ठरवले, शासनानं ते स्वीकारले, १९७२ साली आणखी ४ आले. आज शाळेत शिकवतात ते हे १८ नियम. त्याआधी ‘घरांत’, ‘कां’, ‘तेथें’ असे न उच्चारले जाणारे अनुस्वार देणं शुद्ध होतं. ‘कवि’, ‘बुद्धि’, ‘गुरु’ असे ऱ्हस्व शेवट शुद्ध होते, आता ‘कवी’, ‘बुद्धी’, ‘गुरू’ शुद्ध आहेत, आणि सामासिक शब्दात पहिलं पद म्हणून आले की पुन्हा ‘कविराज’, ‘गुरुदक्षिणा’. एखाद्या घरात आजोबांचं जुनं पत्र असेल तर ते आजच्या नियमानं पानभर अशुद्ध ठरेल, आणि आजोबा त्यांच्या काळात पूर्ण बरोबर होते. मी आत्ता ‘केलं’, ‘झालं’ लिहितोय, छापील गंभीर गद्यात ‘केले’, ‘झाले’ लिहावं लागेल. नियम हवेतच. त्यांच्यामुळं अकोल्याचा माणूस लिहितो ते सावंतवाडीचा माणूस अडखळल्याशिवाय वाचू शकतो. पण नियम हा लोकांनी लोकांच्या सोयीसाठी केलेला करार आहे. त्यावरून कुणाची अक्कल मोजता येत नाही.

न आणि ण यांचं तर स्वतंत्र सांगायला हवं, कारण मराठीत सगळ्यात जास्त माणसं याच एका अक्षरावर जखमी झाली आहेत. विदर्भात, मराठवाड्यात, खानदेशात, पश्चिम महाराष्ट्राच्या कित्येक गावांत बोलताना ‘पानी’, ‘आनि’, ‘कोन’ असंच म्हणतात. घरात, शेतात, बाजारात कानावर न पडतो, शाळेत पुस्तकात ण दिसतो. ज्याच्या घरात आधीच्या दोन पिढ्या लिहित्या-वाचत्या होत्या, त्याला हा फरक आयता मिळतो. इतरांना तो मेहनतीनं कमवावा लागतो. म्हणून ‘ण लिहायला शिका’ हे वाक्य ऐकणाऱ्याच्या कानात निव्वळ अक्षराबद्दल राहत नाही. तू कुठल्या घरातला, कुठल्या आळीतला, तुझी जात कोणती, इथपर्यंत ते पोचतं. बोलणाऱ्याच्या मनात तसं नसेलही. तुमच्या सरांच्या मनात नसावं असंच मी धरून चालतो. पण ज्यानं हे वाक्य लहानपणापासून ऐकलंय त्याला ते तसंच लागतं, आणि गटातल्या बाकीच्यांनाही ते नीट कळतं. म्हणून तर हसू येतं.

शिवाय यातल्या अर्ध्या चुका बोटांच्या असतात. मोबाइलवर बहुतेकजण रोमन अक्षरं दाबून मराठी उमटवतात. अशा कळफलकावर न आणि ण, ल आणि ळ, ऱ्हस्व आणि दीर्घ यांसाठी वेगळं काहीतरी दाबावं लागतं, किंवा सुचवलेल्या शब्दांतून निवडावं लागतं. गडबडीत माणूस पहिला शब्द घेतो, आणि तो पुष्कळदा हिंदीच्या वळणाचा असतो. बोलून लिहिणाऱ्यांचं तर यंत्र जे ऐकेल ते. ‘ऱ्या’ काढणं कित्येकांना माहीतच नसतं, त्यामुळं ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो आणि डोंगरातली वाट समुद्रात जाते. एकानं तर दुसऱ्याला ‘हिंदी ल’ लिहिल्याबद्दल झापलेलं मी पाहिलंय. मराठी वळणाचा ल आणि श कसा असावा हे शासनानं २००९ च्या निर्णयात ठरवून दिलेलं आहे हे खरं, पण मोबाइलमध्ये दोन्ही वळणांना आतला संकेत, म्हणजे कोड, एकच असतो. अक्षर कसं दिसेल ते वाचणाऱ्याच्या फोनमधला फाँट ठरवतो. लिहिणाऱ्याचा तिथं काही दोष नाही.

बोली हा याच्या पुढचा भाग. नागपूरचा माणूस ‘मी जाऊन राहिलो’ म्हणतो, लातूरचा ‘काय करलालास’ विचारतो, कोल्हापूरची बाई ‘मी आलो’ म्हणते, वऱ्हाडात हरवलेलं पेन ‘भेटतं’. या चुका नाहीत. त्या त्या भागाचं ते चालू, नियमबद्ध व्याकरण आहे. त्या बोलीतही चुकीचं बोललं की तिथली माणसं लगेच ओळखतात. गप्पांच्या गटात या वाक्यांना हात लावू नये. सरकारी अर्जात, बातमीत, पाठ्यपुस्तकात प्रमाण मराठी लिहावी, हा आग्रह योग्य आहे आणि मीही तो धरतो. कुठं धरायचा एवढं कळलं पाहिजे.

मग चूक सुधारायचीच नाही का? सुधारायची, आणि काही ठिकाणी अजिबात दयामाया न दाखवता सुधारायची. जे गटाबाहेर जाणार आहे ते सगळं: लग्नपत्रिका, शाळेच्या कार्यक्रमाचा फलक, श्रद्धांजलीचा मजकूर, जिल्हा परिषदेला द्यायचा अर्ज, स्मरणिका. फलकावर ‘शिक्षक दीन’ लिहून टांगला की शिक्षक बापुडवाणे होतात आणि तो फोटो वर्षानुवर्षं फिरत राहतो. ‘आचाऱ्यांचा सत्कार’ आणि ‘आचार्यांचा सत्कार’ यांत सत्कारमूर्ती बदलतो. ‘शिर दुखावली’ आणि ‘शीर दुखावली’ यांत डोकं आणि नस एवढा फरक आहे. माणसांची नावं तर दोनदा तपासावीत. वारलेल्या माणसाचं नाव चुकीचं छापलं तर त्याच्या घरच्यांना ते विसरता येत नाही. तारीख आणि वार जुळतात का ते बघावं. पत्रिकांमध्ये मी शुद्धलेखनापेक्षा या चुका जास्त पकडल्या आहेत, आणि लोक वेलांट्यांवर भांडत असताना नेमक्या याच निसटतात.

सुधारण्याची माझी रीत साधी आहे. आधी मजकुराबद्दल बोलायचं, मग चुकीबद्दल. खासगीत सांगायचं. नियम सांगत बसायचं नाही, दुरुस्त केलेला पूर्ण मजकूर तयार करून द्यायचा म्हणजे समोरच्याला फक्त चिकटवायचा राहतो. ‘काका, पत्रिकेचा मजकूर छान उतरलाय. छापायला देण्याआधी तीन जागा बदलल्यात, खाली पूर्ण देतो, तुमच्या नजरेखालून घाला.’ याला आजवर कुणी राग मानलेला नाही. नियम समजून घ्यायचा असेल तर माणूस स्वतः विचारतो, तेव्हा तासभर सांगावा. आणि कुणी नव्यानं लिहू लागलं असेल, पहिल्यांदाच चार ओळी गटात टाकल्या असतील, तर एकावेळी एकच गोष्ट सांगावी. सगळ्या सांगितल्या तर पुढच्या चार ओळी येत नाहीत.

सुधारणाऱ्यानं स्वतः खात्री करून घ्यावी, ही तर पहिली अट. बिनचूक शब्द ‘सुधारून’ चुकीचे केलेले रोज दिसतात. ‘आशीर्वाद’ बरोबर आहे, लोक तो ‘आशिर्वाद’ करतात. ‘महत्त्व’ला दोन त लागतात, ‘उज्ज्वल’ला दोन ज, ‘तज्ज्ञ’मध्ये ज आणि ज्ञ दोन्ही आहेत. ‘स्रोत’च्या पहिल्या जोडाक्षरात त नाही, फक्त स आणि र आहे. ‘कोट्यधीश’ला काना नको. ‘हिशेब’ आणि ‘हिशोब’ दोन्ही चालतात, म्हणजे तुमच्या गटातल्या त्या प्रसंगात त्या एका शब्दापुरता ट्रॅक्टरवाला सभासद पूर्णपणे बरोबर होता आणि तरी त्याचा शब्द बदलून त्याला ऐकवला गेला.

आता थट्टेकडं येतो. काही ॲडमिन असला एखादा प्रसंग झाला की ‘यापुढं थट्टा बंद’ असा फतवा काढतात. तसं करू नका. थट्टा बंद झालेला गट सुप्रभातच्या फुलांनी आणि वाढदिवसांनी भरतो आणि मग कुणी उघडत नाही. आपल्याकडं एकमेकांना बोलण्याची जुनी आणि रगेल परंपरा आहे. सातारा जिल्ह्यात खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी अशी दोन गावं आहेत. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावांतल्या बायका मधल्या ओढ्याच्या दोन काठांवर जमतात आणि हातवारे करकरून एकमेकींना शिव्या देतात. बोरीचा बार म्हणतात त्याला. कोकणात शिमग्याला बोंबा मारत शिव्या देतात. लग्नात विहिणीला गाण्यातून टोचतात. तमाशात सवाल-जवाब आणि कलगी-तुऱ्यात एक फड दुसऱ्या फडाची पार इज्जत काढतो, आणि लोक माना डोलावतात.

या सगळ्यांत मला काही गोष्टी सारख्या दिसतात, आणि ॲडमिन म्हणून मी त्यांच्याकडूनच शिकलो. दिवस ठरलेला असतो. जागा ठरलेली असते. दोन्ही बाजू तुल्यबळ असतात, इकडं जेवढ्या बायका तेवढ्याच तिकडं, कलगीला तुरा उत्तर देतो. ज्याला बोलायचं तो समोर उभा असतो, त्याचा चेहरा दिसतो. आणि ते संपतं. बार संपला की बायका घरी जातात, शिमगा आटोपला की गाव पुन्हा कामाला लागतं. व्हॉट्सॲपवर यातलं काहीच नाही. दिवस नाही, काठ नाही, चेहरा नाही, शेवट नाही. लिहिलेलं वाक्य तिथंच राहतं, त्याचा स्क्रीनशॉट भावकीच्या दुसऱ्या गटात जातो, सासुरवाडीला जातो. गावात हे काम ओढा करत होता, सण करत होता. गटात ते ॲडमिनला करावं लागतं.

मी तीन गोष्टी बघतो. ज्याची थट्टा झाली त्याला तितक्याच जोरानं उलट बोलता येतं का? एकाच बाकावरचे दोघं मित्र एकमेकांची सालं काढत असतील तर मी मध्ये पडत नाही. सर विद्यार्थ्याला, सावकार कर्जदाराला, वरिष्ठ हाताखालच्याला सगळ्यांसमोर बोलत असेल तर ती थट्टा राहत नाही, कारण समोरच्याचं तोंड आधीच बांधलेलं असतं. दुसरं, थट्टा माणसानं केलेल्या गोष्टीवर आहे की तो जो आहे त्यावर? सहलीला उशिरा आला, भजी करपवली, क्रिकेटमध्ये पहिल्याच चेंडूवर बाद झाला, यावर हवं तेवढं हसा. रंग, टक्कल, वजन, तोतरेपणा, लग्न न होणं, मूल नसणं, नोकरी जाणं, बोली, जात, यांवर मी एकदाही चालू देत नाही. तिसरं, त्या माणसाचं पुढचं वागणं. नेहमी चार ओळी लिहिणारा अंगठ्याचं चिन्ह टाकून गप्प झाला, की समजावं, मस्करीची कुस्करी झाली.

या तिसऱ्या गोष्टीत बायकांकडं जास्त लक्ष द्यावं लागतं. माजी विद्यार्थ्यांच्या गटांत मुलींच्या जुन्या ‘जोड्या’ काढणं, कुणाच्या लठ्ठपणावर बोलणं सर्रास चालतं. बायका भांडत नाहीत. त्या गट मूक करून ठेवतात आणि स्नेहमेळाव्याला येत नाहीत. मग पुरुष म्हणतात, बायकांना गटात रस नसतो.

शाळेतली टोपणनावंही तपासून घ्या. काळ्या, टकल्या, बोबड्या ही नावं बाकावर चालली कारण तिथं सगळे सारखेच होते. आता त्या माणसाचा फोन त्याची मुलगी बघते, त्याच्या दुकानात गिऱ्हाईक समोर असतं. आमच्या एका गटात मी सगळ्यांना खासगीत विचारून घेतलं की तुम्हाला कुठल्या नावानं हाक मारलेली आवडेल. दोघांनी टोपणनावच ठेवा म्हटलं, बऱ्याच जणांनी सुटकेचा श्वास सोडला. शिव्यांचंही तसंच. कोल्हापूरकडं ‘रांडेच्या’ म्हटलं की जिवलग मित्र ठरतो, मालवणीत ‘मेल्या, खंय होतंस?’ हे प्रेमाचं विचारणं आहे. पण दोघांना आवडतं म्हणून दीडशे जणांनी ते वाचावं असं नाही. दोघांचं दोघांत चालू द्यावं.

तुमच्या प्रसंगातलं एक मात्र मला सगळ्यात जास्त खुपलं, ते हसणारे. सरांचं वाक्य एकाचं होतं. त्या सभासदाचा अपमान केला तो त्या वीस-पंचवीस चिन्हांनी. त्यातल्या कित्येकांनी छपराचा हिशेब स्वतःही मनातल्या मनात विचारला असेल. तुमच्या ओळखीच्या चार-पाच जणांना फोन करा. ओरडू नका, एवढंच विचारा, ‘तू वर्गणी दिली होतीस ना? तुला हिशेब मिळाला का?’ पुढचं त्यांचं त्यांना समजतं. पुढच्या वेळी असं वाक्य पडलं की कुणीतरी लगेच मूळ प्रश्नावर यावं, हीच गटाला लावायची सवय. ‘अक्षराचं नंतर बघू. हिशेबाबद्दल कोण सांगतंय?’ एवढं एक वाक्य, तेही पहिल्या दोन मिनिटांत, पुरतं. त्यासाठी भांडण काढावं लागत नाही.

सरांशी बोलायला त्यांच्या घरी जा. गटात बोलू नका, फोनवरही नको. त्यांना चुका दिसतात कारण त्यांनी आयुष्यभर त्याच शोधल्या. निवृत्तीनंतर वह्या तपासायला येत नाहीत, म्हणून गट तपासला जातो. ही तळमळ खरी आहे आणि ती वाया घालवू नये. शाळेची स्मरणिका निघणार असेल तर प्रुफं त्यांच्याकडं द्या. फलक, निमंत्रणं, अर्ज, सगळं बाहेर जाण्याआधी त्यांच्याकडून जाऊ द्या आणि स्मरणिकेत मुद्रितशोधक म्हणून त्यांचं नाव छापा. बदल्यात एकच मागा: गटात कुणाच्या लेखनावर चारचौघांत बोलायचं नाही. त्या सभासदाबद्दल स्पष्ट सांगा, ‘सर, त्यानं पैसे दिले होते. तुमच्या वाक्यानं त्याला गट सोडावा लागला. तुम्ही त्याच्याशी बोललात तर तो ऐकेल.’ बहुतेक शिक्षक हे ऐकतात, कारण आपल्या विद्यार्थ्याला आपण दुखावलं हे त्यांना सहन होत नाही. नाहीच ऐकलं, तर पुढच्या वेळी त्यांचा तसा संदेश सगळ्यांसाठी काढून टाका. ॲडमिनला ती सोय आहे. वयाचा मान चहा देताना, पाया पडताना ठेवायचा. वर्गणीचा हिशेब विचारणाऱ्याला गप्प बसवण्याचा हक्क त्यात येत नाही.

कायद्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण ॲडमिन मंडळी घाबरून असतात म्हणून सांगतो. सभासदानं आक्षेपार्ह लिहिलं म्हणून केवळ ॲडमिन असल्यामुळं तुम्ही गुन्हेगार ठरत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ साली गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात हे म्हटलेलं आहे, अर्थात तुमचा त्यात संगनमताचा हात नसेल तर. लिहिणाऱ्यावर मात्र बदनामीचा गुन्हा होऊ शकतो. आणि कुणी जातीवरून अपमान केला तर ‘आपसात मिटवू’ असं दुखावलेल्या माणसाला सांगू नका. अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांसाठी १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे, त्याचा आधार घ्यायचा की नाही हे त्या माणसानं ठरवायचं. तुम्ही तो संदेश काढण्याआधी त्याची प्रत जपून ठेवा.

राहिला तो गट सोडून गेलेला सभासद. त्याला परत गटात ओढून घेऊ नका, विचारल्याशिवाय क्रमांक जोडू नका. त्याच्या दुकानावर जा. ‘मनावर घेऊ नकोस’ असं म्हणू नका, त्यानं घेतलंय आणि ते बरोबर आहे. जमाखर्चाचा कागद बरोबर न्या: किती जमले, पत्र्याला किती, मजुरीला किती, किती शिल्लक, बिलं कुणाकडं आहेत. कागद त्याच्या हातात द्या आणि त्यात काही राहिलंय का ते त्यालाच विचारा. त्यानं एखादी बाब काढली तर तिथंच लिहून घ्या आणि संध्याकाळी गटात टाकताना प्रश्न कुणी विचारला होता त्याचं नाव घालून टाका.